एकबारी रायफल ही केवळ नवशिक्यांची नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शिकारीच्या रायफलींवर प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि बोल्ट ॲक्शनची, म्हणजे बोल्ट हा पोलादी दांडा हाताने मागेपुढे ओढून पेटीतले एकेक काडतूस नळीत भरणाऱ्या रायफलीची, वाटचाल त्यात नीट उलगडली आहे. परंतु मधून मोडून उघडणाऱ्या, एका वेळी एकच बार काढणाऱ्या रायफलीची मात्र त्यात ‘नवशिक्यांची आणि ज्यांना दुसरी परवडत नाही त्यांची बंदूक’ अशा एका वाक्यात बोळवण केली आहे. शिकार जेथे कायदेशीर आहे अशा डोंगराळ मुलुखात, रीतसर परवाने काढून, मी आधी दहा वर्षे बोल्ट ॲक्शन आणि नंतर पंचवीस वर्षे ही एकबारी रायफल वापरली आहे. दोन्ही हाताळलेल्या माणसाला हे वाक्य सोडून देता येण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. लेखात सगळ्या एकबारी रायफली एकाच गटात घातल्या आहेत. प्रत्यक्षात त्यांची घराणी निरनिराळी आहेत. अमेरिकेतील शार्प्सची १८४८ची रचना, जॉन ब्राउनिंग यांच्या कल्पनेतून आलेली विंचेस्टरची १८८५ची रायफल किंवा १९६७ साली बाजारात आलेली रुगर नंबर वन यांमध्ये नळी जागची हलत नाही. तिच्या बुडाशी असलेला पोलादी ठोकळा खटक्याने खाली सरकतो आणि काडतूस घालायला वाट होते. मी ज्या रायफलीबद्दल लिहीत आहे, तिची नळीच बिजागरीवर झुकते. माथ्यावरची कळ अंगठ्याने बाजूला सारली की नळीचे तोंड खाली जाते, बूड वर येते, आणि काडतूस हाताने घालून नळी पुन्हा मिटायची. छऱ्याच्या एकनळी आणि दुनळी बंदुका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल. फ्रान्समध्ये काझिमिर लफोशो यांनी १८३०च्या दशकात नळी झुकवून मागून भरायच्या बंदुकीचा मार्ग रुळवला, तेव्हापासून ठासणीच्या बंदुकीला खरा पर्याय उभा राहिला. आजची एकबारी रायफल त्याच वंशातली आहे. जर्मन भाषेत तिला ‘किप्लाउफ’, म्हणजे झुकणाऱ्या नळीची, असे साधे आणि चपखल नाव आहे. जर्मनीतील सूल आणि ऑस्ट्रियातील फेर्लाख या गावांतील कारागिरांनी ती इतक्या निगुतीने घडवली आहे की तिला परवडत नसलेल्यांची बंदूक म्हणणे तेथे कोणाला समजणारही नाही.

तिचे पहिले आकर्षण अगदी मोजपट्टीवर दाखवता येते. बोल्ट ॲक्शनमध्ये नळीच्या मागे बोल्टला पुढेमागे सरकण्यासाठी जागा ठेवावी लागते, आणि काडतूस जितके लांब तितकी ती जागाही लांब. झुकणाऱ्या नळीच्या रायफलीत ही जागाच लागत नाही. नळीचे बूड जवळजवळ चापाच्या वरच येऊन बसते. नळी तेवढीच ठेवूनही संपूर्ण शस्त्र १० सेंटिमीटरहून अधिक आखूड होते. ६० सेंटिमीटरची नळी असलेली अशी रायफल एकूण साधारण एक मीटर भरते. बोल्ट ॲक्शनमध्ये एवढाच आटोपशीरपणा हवा असेल तर नळी कापावी लागते, आणि मग गोळीचा वेग घटतो, तोंडाशी जाळ आणि आवाज वाढतो. काट्याकुट्यांतून वाकून जाताना, खडकाच्या कपारीत पाठ टेकून बसताना किंवा मचाणावर वळताना हे दहा सेंटिमीटर काय असतात, ते ज्याची नळी फांदीत अडकून सावज उधळले आहे त्याला विचारावे. वजनाचेही तसेच आहे. दुर्बिणीशिवाय अडीच किलोच्या आसपास भरणाऱ्या रायफली या प्रकारात मिळतात. पहाटेपासून चढण चढून आल्प्सच्या उंच कड्यांवर शॅमॉय या रानबकऱ्यासारख्या प्राण्याचा माग काढणाऱ्यांनी हीच रायफल का जवळ केली, हे त्या चढणीवरच कळते.

दुसरी गोष्ट दुर्बिणीची. या रायफलीचे दोन-तीन भाग होतात. नळीखालची पुढची लाकडी मूठ काढली, नळी बिजागरीवरून उचलली, की सगळे शस्त्र पाठीवरच्या पिशवीत मावते. आता कोणीही म्हणेल की असे सुटे करून जोडले तर नेम कसा टिकणार? येथेच या रचनेचे शहाणपण आहे. दुर्बीण मधल्या सांगाड्यावर नसते, ती नळीवरच बसवलेली असते. नळी आणि दुर्बीण ही जोडी कधी सुटत नाही, त्यामुळे रायफल कितीदा उलगडली आणि जोडली तरी त्या दोघींचे नाते बदलत नाही. दस्ता आणि चाप हे केवळ धरण्यासाठी आणि बार काढण्यासाठी उरतात. याच कारणाने एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या काडतुसांच्या नळ्या, प्रत्येकीची दुर्बीण तिच्या डोक्यावर, अशा बाळगता येतात. वॉरन सेंटर यांनी आखलेले आणि १९६७ पासून अमेरिकेत विकले गेलेले थॉम्पसन सेंटर कंटेंडर हे शस्त्र याच सोयीवर प्रसिद्ध झाले; .२२च्या बारीक काडतुसापासून हरणाच्या शिकारीच्या काडतुसांपर्यंत अनेक नळ्या त्याच्या एकाच सांगाड्यावर बसत असत. डावखुऱ्या माणसाची सोय तर मी मोजलीच नाही. उजवीकडचा बोल्ट ओढण्याची त्याची कसरत येथे मुळात उरतच नाही.

सुरक्षिततेबद्दल लेखात एक शब्दही नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटले, कारण माझ्या मते या रायफलीचा सर्वांत मोठा गुण तोच आहे. ती उघडी असताना तिच्यातून बार निघू शकत नाही, आणि ती उघडी आहे हे पन्नास पावलांवरूनही दिसते. बोल्ट ॲक्शनवाल्याने ‘रिकामी आहे’ म्हटले की आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. मोडून हातावर टाकलेल्या रायफलीच्या बाबतीत कोणाच्या शब्दाची गरजच पडत नाही. नळीच्या बुडातून पलीकडचा उजेड दिसतो. काडतूस आहे की नाही, नळीत बर्फ किंवा माती शिरली आहे की काय, सगळे एका नजरेत कळते. नळीत अडथळा असताना बार काढल्याने नळी फुटून माणसे जन्माची अधू झाली आहेत. बर्फात घसरून पडल्यावर मी पहिली गोष्ट करतो ती ही की रायफल मोडतो, काडतूस काढतो आणि नळीतून आभाळ पाहतो.

त्यातही आधुनिक युरोपीय रायफलींमध्ये अंगठ्याने कमान, म्हणजे बार काढणारी आतली स्प्रिंग, चढवण्याची जी पद्धत आहे, तिचे महत्त्व सामान्य वाचकापर्यंत पोचायला हवे. नेहमीच्या रायफलीत सुरक्षेचा खटका लावला तरी आतली कमान ताणलेलीच असते. खटका तिला फक्त अडवून धरतो. अंगठ्याने चढवायच्या रायफलीत काडतूस आत असले तरी कमान सैल असते. सावज समोर आल्यावर, नेम धरताना, दस्त्याच्या मानेवरची कळ अंगठ्याने पुढे रेटली म्हणजे कमान ताणली जाते. बेत रहित झाला तर तीच कळ मागे घेऊन ती पुन्हा सैल करता येते. सैल कमानीत कोणावर झेप घेण्याची शक्तीच नसते. ओल्या दगडांवरून चालणाऱ्या माणसाच्या पाठीवर असे शस्त्र असणे आणि ताणलेल्या कमानीचे शस्त्र असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इसनी या जर्मन गावातील ब्लेझरची के ९५ ही या पद्धतीची सर्वांना माहीत असलेली रायफल आहे.

लेखकाने मोडणारी रचना ‘कमकुवत’ असल्याचेही सुचवले आहे. यात तथ्याचा अंश आहे, परंतु तो समजावून न सांगता टाकलेला आहे. बार निघतो तेव्हा काडतूस मागच्या पोलादी भिंतीवर जोराने आदळते, आणि नळी मात्र खालच्या बिजागरीला अडकलेली असते. हा जोर बिजागरीच्या वरून जात असल्यामुळे सांगाडा इंग्रजी एल अक्षराच्या कोपऱ्यात उकलू पाहतो. तो उकलू नये म्हणून नळीखालच्या खाचांत सरकणारी पट्टी, वरच्या बाजूला आडवी जाणारी ग्रीनर पद्धतीची कडी, पुढे तिचीच दुहेरी आवृत्ती असलेली कर्स्टन पद्धत, असे एकेक उपाय निघत गेले. ब्लेझरसारख्या रायफलीत सांगाड्यातला एक झुकणारा पोलादी ठोकळा थेट नळीलाच पकडतो. बाराचा धक्का ठोकळा आणि नळी यांच्यातच जिरतो आणि सांगाड्यावर फारसा येत नाही, म्हणून तो सांगाडा हलक्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचाही करता येतो. ज्या रचनेला लेखक कमकुवत म्हणतात, तिच्यात आज जास्त दाबाची जोरदार काडतुसेही निर्धास्तपणे वापरली जातात.

जुन्या रचनेची मर्यादा ओळखून काडतुसेही वेगळी घडली, आणि तो भाग मला फार मनोरंजक वाटतो. या रायफलीला बुडाशी काठ असलेले काडतूस सर्वांत मानवते, कारण नळी उघडताच पुंगळी मागे ढकलणारा तुकडा त्या काठाखाली आपोआप बसतो. बिनकाठाच्या काडतुसासाठी तेथे कमानीवरचा बारीक दात लावावा लागतो आणि गारठ्यात, मळात तो कधीतरी दगा देतो. म्हणून जर्मन परंपरेत एकाच काडतुसाची जुळी भावंडे दिसतात. ७×५७ हे बोल्ट ॲक्शनचे, तर ७×५७ आर हे मोडणाऱ्या बंदुकीचे. हा ‘आर’ म्हणजे ‘रान्ट’ (Rand) हा जर्मन शब्द, ज्याचा अर्थ काठ. युरोपातील सी.आय.पी. या संस्थेच्या मानकांत पहिल्याला ३९०० बार (येथे बार हे दाबाचे एकक) इतका दाब मान्य आहे आणि दुसऱ्याला ३४०० बार. व्हिल्हेल्म ब्रेनेके यांनी १९१७ साली ७×६४ आणि त्याचे काठाचे भावंड ७×६५ आर आणले. त्यातले दुसरे आजही डोंगरातल्या एकबारी रायफलींत मोठ्या विश्वासाने वापरले जाते. अमेरिकेत १८७३ पासून चालत आलेले .४५-७० आणि १८९५चे .३०-३० हीदेखील काठाचीच काडतुसे, आणि मोडणाऱ्या रायफलीत ती आपल्या घरी असल्यासारखी वागतात.

एक सूचना येथेच नोंदवतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. नळीच्या बुडातील काडतुसाची जागा कोरडी ठेवावी. साफसफाईनंतर तेथे तेल राहिले तर पुंगळी नळीला चिकटून धरत नाही आणि मागच्या भिंतीवर येणारा धक्का वाढतो. बिजागरीला मात्र वंगणाचे बोट हवेच. शिवाय पुढची लाकडी मूठ काढून, मिटलेली रायफल कानाजवळ धरून हलवून पाहावी. खुळखुळ जाणवली तर जोड झिजला आहे असे समजून कारागिराकडे न्यावी. आणि ती मिटताना कधीही आपटू नये.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. एकच गोळी असल्यामुळे जखमी सावज निसटण्याचा धोका वाढतो, असे लेखात म्हटले आहे. वरवर पाहता हे खरे वाटते. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि तो सांगताना मला संकोच वाटतो, तरीही सांगतो. बोल्ट ॲक्शनच्या दिवसांत एका संध्याकाळी समोरच्या उतारावर नर हरीण उभे राहिले. अंतर माझ्या नेहमीच्या सरावापेक्षा अधिक होते आणि उजेड कमी होत चालला होता. पेटीत आणखी काडतुसे होती. आज मागे वळून पाहताना मला स्पष्ट दिसते की पहिला बार मी त्या पुढच्या काडतुसांच्या भरवशावर काढला. तो चुकला. हरीण धावू लागले आणि धावत्या हरणावर मी आणखी दोन बार काढले. त्यातला एक मागच्या पायाला लागला. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला, मग माग हरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी माग काढणाऱ्या कुत्र्याने ते शोधून दिले तेव्हा ते झुडपात अजून जिवंत होते. ती रात्र त्या जनावराने कशी काढली असेल, हा विचार मला आजही सोडत नाही. पुढच्या वर्षी मी एकबारी रायफल घेतली.

त्यानंतर मी चुकलोच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु चापावर बोट जाण्याच्या आधीचा वेळ बदलला. अंतर जवळ करायचे, टेकू शोधायचा, श्वास बसू द्यायचा, सावज आडवे वळण्याची वाट पाहायची आणि यांपैकी काही जमले नाही तर रायफल मोडून काडतूस खिशात टाकायचे, ही सवय मला पेटीवाल्या रायफलीने दहा वर्षांत लावली नव्हती. ती एका काडतुसाने एका हंगामात लावली. कोणी म्हणेल की शिस्त माणसात असावी, शस्त्रात नव्हे. मान्य आहे, ज्याच्यात ती उपजत आहे त्याने काहीही वापरावे. माझ्यात ती नव्हती आणि बहुतेकांत ती नसते, असे मी अनेकांबरोबर डोंगर चढल्यानंतर म्हणतो.

दुसरा बार अशक्य असतो, असेही नाही. जादा काडतूस डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात किंवा दस्त्यावरच्या चामडी पट्ट्यात ठेवून, नजर सावजावरून न हलवता रायफल भरण्याचा सराव रिकाम्या, खोट्या काडतुसांवर घरीच करता येतो. सराव झालेला माणूस पाहणाऱ्याला चकित करतो. तरीही बोल्ट ॲक्शनइतका वेग येत नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. म्हणूनच हाकाऱ्यात धावत्या रानडुकरांवर किंवा उलटून अंगावर येऊ शकणाऱ्या जनावरासमोर ही रायफल घेऊन उभे राहू नये. तेथे दुनळी रायफल किंवा पेटीची रायफलच हवी. एकबारी रायफल माग काढत सावकाश जवळ जाणाऱ्याची आणि एका जागी दबा धरून बसणाऱ्याची आहे.

अचूकतेविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, कारण या रायफलीची बदनामी बहुधा येथून सुरू होते. बारीक, हलकी नळी लवकर तापते आणि तापली की गोळ्या सरकू लागतात. नेमबाजीच्या मैदानावर घाईने पाच बार काढून, कागदावरची पसरलेली भोके पाहून नाराज झालेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. शिकारीत मात्र गरम नळीचा पाचवा बार कधी येतच नाही. येतो तो थंड नळीचा पहिला. त्यामुळे मी एकच कागद जपून ठेवतो आणि वेगवेगळ्या दिवशी, पूर्ण थंड नळीने, त्यावर एकेक बार काढतो. पाच दिवसांचे पाच बार जवळजवळ पडले, की त्या रायफलीवर माझा विश्वास बसतो. दुसरी खबरदारी टेकूची. पुढची मूठ नळीलाच जोडलेली असल्याने तिच्यावर पडणारा दाब नळीला जाणवतो. एकदा घाईत मी उघडी नळीच खडकावर टेकवली. गोळी शॅमॉयच्या पाठीवरून निघून गेली आणि चूक पूर्णपणे माझी होती. टेकू नेहमी मुठीखाली, शक्यतो तिच्या मागच्या भागाखाली, आणि मध्ये पिशवी किंवा हातमोजा असे काही मऊ असावे. पट्टा ताणून धरण्याची सवय असेल तर तीही येथे सोडावी लागते. एवढे सांभाळले की ही रायफल कोणाच्याही मागे राहत नाही.

‘परवडत नाही त्यांची’ या शब्दांतही अर्धेच सत्य आहे. अमेरिकेत १८७१ साली स्थापन झालेल्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या नावाखाली निघणारी हँडी रायफल खरोखरच साधी आणि स्वस्त होती. बाहेर दिसणारा घोडा अंगठ्याने चढवायचा आणि बार काढायचा, इतकेच तिचे तंत्र. तिचे उत्पादन २०१५ मध्ये थांबले, तेव्हा अनेक घरांत पहिली रायफल म्हणून तीच होती आणि ती मुलांच्या हाती दिली गेली होती. मुलाच्या हाती ती का दिली जाते, हे लेखकाने विचारायला हवे होते. तिचा घोडा चढलेला आहे की नाही हे शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्याला दिसते, ती मोडली की सगळे काही उघड्यावर असते, आणि एका बारानंतर ती आपोआप गप्प होते. त्याच रचनेची दुसरी टोकाची रूपे म्हणजे हाताने कोरीव काम केलेल्या, अक्रोडाच्या जुन्या लाकडाच्या दस्त्याच्या युरोपीय रायफली, ज्यांची किंमत चांगल्या बोल्ट ॲक्शनच्या कित्येक पट असते. नवशिका आणि मुरलेला शिकारी एकाच रचनेकडे येतात, आणि दोघांचेही कारण तेच असते: हातातल्या शस्त्राची अवस्था क्षणोक्षणी डोळ्यांना दिसावी आणि ते पाठीवर जड होऊ नये.

शेवटी एक विनंती आहे. लेखासोबत छापलेल्या छायाचित्रात ही रायफल मिटलेली आहे आणि तशी ती वाचकाला इतर कोणत्याही बंदुकीसारखीच वाटेल. पुढे कधी या विषयावर छापाल तेव्हा कृपया तिचे मोडलेल्या अवस्थेतील, नळीच्या बुडाकडून घेतलेले छायाचित्र द्यावे, ज्यात बिजागरी, पुंगळी ढकलणारा तुकडा आणि नळीतून आरपार दिसणारा उजेड हे तिन्ही दिसतील.

आपला विश्वासू,
पुरवणीचा एक नियमित वाचक